गोरक्षची पितळी

आमच्या गावाचं पोस्ट म्हणजे शाळेतलं एक लोखंडी कपाट, आणि पोस्टमास्तर मीच. सकाळी पाढे म्हणवून घ्यायचे, अकराच्या एसटीनं कोपरगावहून थैली आली की शिक्के मारायचे. कागदावर असेल तेवढंच खरं मानणारा मी माणूस. तेव्हा हेही जसं पाहिलं तसंच सांगतो.

एकाहत्तरच्या सप्टेंबरात माझा जुना विद्यार्थी गोरक्ष साखरेचं तंत्र शिकायला पश्चिम जर्मनीला गेला. सरकारी शिष्यवृत्तीवर. मागे राहिली एकटी आई, मनकर्णाबाई. त्यांना अक्षरओळख नव्हती. निळं हवाई पत्र आलं की त्यांच्या ओसरीवर बसून मी ते वाचायचो, आणि उत्तरही मीच लिहायचो.

पहिलं पत्र कुठल्याही पोराचं असावं तसं होतं. वसतिगृहातली खोली उबदार आहे, भाषा जड जाते, पाव आंबट लागतो.

"म्हंजी पोटभर जेवत न्हाई व्हय?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"जेवेल की. सवय व्हायला वेळ लागतो."

"तवर म्या हितं त्याचं ताट वाढते."

घरचं माणूस लांबच्या वाटेला लागलं की त्या दिवशी त्याच्या नावाचं ताट वाढायचं, म्हणजे ते वाटेत उपाशी राहत नाही, अशी त्यांच्या माहेरची रीत. बाईंनी ती रोजचीच केली. भर दुपारी आतल्या खोलीत गोरक्षच्या पितळीत बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, शेजारी पाण्याचा तांब्या. दाराला बाहेरून कडी. संध्याकाळी ते सगळं गाईला. यात माझं काय जात होतं? मी हसलो आणि सोडून दिलं.

दिवाळीनंतर त्यानं लिहिलं, 'सकाळी सगळे न्याहारीला बसतात तेव्हा माझं पोट गच्च भरलेलं असतं. मग दिवसभर घास उतरत नाही. हाताला लसणाचा वास येतो, साबणानं धुतला तरी.' शाळेतला पृथ्वीचा गोल फिरवून मी पाहिलं. आपली दुपार ती त्यांची सकाळ.

जानेवारीतल्या पत्रात अक्षर वाकडंतिकडं झालं होतं. 'डॉक्टरांना दुखणं सापडत नाही. असंच चाललं तर हा मुलगा वाचणं कठीण, असं ते आपसात बोलत होते. तेवढी भाषा आता मला कळते.'

मनकर्णाबाई रडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "गुरुजी, ताट गाईला जातच न्हाई आता... रिकामं हुतंय."

"मांजर असेल."

"मांजर पापुद्रा काडतं व्हय?"

गोरक्ष लहानपणी भाकरीचा वरचा पापुद्रा अलगद सोलायचा, त्याच्या चार घड्या करायचा आणि आईसाठी ताटाच्या काठावर ठेवायचा. आई शेवटी जेवते, तिला उरत नाही, हे त्या पोराला सहाव्या वर्षीच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. बाईंनी माझ्यासमोर ताट वाढलं, कडी घातली. त्या खोलीला दुसरं दार नव्हतं, खिडकी नव्हती. बाहेर लख्ख ऊन, लांब विहिरीवरचं इंजिन चालू. थोड्या वेळानं इंजिन बंद पडलं आणि आत तांब्या पितळीला लागल्याचा आवाज आला... मग पाणी ओतल्याचा.

मी उठून कडी काढली. आत कुणी नव्हतं. पितळीत हात धुतलेलं पाणी होतं, काठावर चार घड्यांचा पापुद्रा. आणि खोलीभर वास. लसणाचा नव्हे, कुठल्यातरी गोडसर साबणाचा. तसला साबण आमच्या गावात कुणाकडे नव्हता. मी घाबरलो, हे कबूल करतो.

"उद्यापासून ताट वाढू नका," मी म्हणालो.

"लेकाला उपाशी ठिवू?"

"लेक तिकडं मरतोय, मनकर्णाबाई."

त्यांनी ताट बंद केलं. मार्चमध्ये पत्र आलं. वजन वाढलं होतं, बटाटे आवडू लागले होते, सायकल घेतली होती, तिथल्या पोरांबरोबर तो फुटबॉल खेळत होता. मला इतका आनंद झाला की मी वर्गाला अर्धी सुट्टी दिली. माझ्या पत्रात मी पापुद्र्याची आठवण काढली होती. त्यावर त्यानं लिहिलं होतं, 'मी असं करायचो? मला नाही आठवत, गुरुजी.'

मनकर्णाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तिकडला जेवला, बरं झालं," त्या म्हणाल्या. "पर हितला...? रोज दुपारी मोकळी पितळी मांडून बसतोय, गुरुजी."

मी पत्राचं उत्तर लिहिलं, त्यात हे घातलं नाही.

त्र्याहत्तरच्या डिसेंबरात गोरक्ष आठ दिवसांसाठी आला. अंगानं भरला होता, बोलायला गोड. शिक्षण संपत आलं होतं, नोकरीही तिकडेच मिळणार होती. निघायच्या दिवशी मलाही जेवायला बोलावलं होतं. बाई त्याच्यासमोर बसून राहिल्या. त्यानं भाकरी पापुद्र्यासकट खाल्ली, चटणी बाजूला सारली आणि ताट स्वच्छ केलं. बाईंचा हात जरासा पुढे आला होता, तो त्यांनी मागे घेतला.

त्यांनी त्याच्या हातावर दही घातलं. "येतो, आई," तो म्हणाला. एसटीची धूळ खाली बसायच्या आतच त्या घराकडे वळल्या आणि चूल फुंकू लागल्या.

फेब्रुवारीत पत्र आलं. प्रकृती उत्तम, अभ्यास उत्तम. खाली एकच ओळ, 'गेले काही दिवस सकाळची भूक लागत नाही, आणि हाताला पुन्हा तो वास येतोय.'

मी ते पत्र घेऊन भर उन्हात पळतच गेलो. ओसरीवर कुणी नव्हतं. आतल्या खोलीचं दार लोटलं, तर आज कडी आतून होती.

"मनकर्णाबाई, ताट उचला! पोराचं पत्र आलंय."

आत तांब्या वाजला. मग बाईंचा आवाज आला, अगदी शांत.

"वाईच थांबा, गुरुजी... अजून जेवतोय त्यो. पापुद्रा काढलाय माझ्यासाठी."