सफाईचा शनिवार

ये, बस. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो. ही घे. आणि फोन असा छातीशी धरून बसू नकोस, त्यात काय आहे ते मला न बघता कळतंय. चौदाव्या वर्षी लिहिलेली गोष्ट. मालिकेतला एक देखणा माणूस आणि त्याला भेटलेली एक मुलगी, जी दिसायला हुबेहूब तुझ्यासारखी, फक्त चार बोटं उंच. अगं, लाजतेस काय? इथे येणाऱ्या प्रत्येकाने तेच केलंय. त्याला फॅन फिक्शन म्हणतात हेसुद्धा आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच्या गोष्टीतली माणसं उचलायची आणि आपल्या वहीत आणून नाचवायची, एवढंच. आज तू ती गोष्ट सगळ्यांसमोर वाचून पुसून टाकायला आली आहेस, हो ना? मास्तरांनी सांगितलं असेल. बाकीचे यायला अर्धा तास आहे. तोवर माझं ऐक, मग काय करायचं ते तुझं तू ठरव.

मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारी लिहून घेते. बावीस वर्षं झाली. समोर कोणीही येऊन उभं राहिलं, कितीही तणतणत आलं, तरी माझ्या तोंडून पहिला शब्द निघतो, ‘बसा.’ आता ही सवयच झाली आहे. त्या दिवशी याच सवयीने मला वाचवलं असं मी मानते. तू हसलीस तरी चालेल.

ही खोली ग्रंथालयाची, फाटकी पुस्तकं शिवायची. तो खळीचा वास येतोय ना, तो त्यामुळे. शनिवारी चारनंतर कारागीर गेले की ती आम्हाला मिळते. खिडकी एकच, तीही शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडणारी, म्हणून भरदुपारीसुद्धा इथे टेबलावरचा दिवा लावावा लागतो. आम्ही सगळे वय वाढलेले लोक. कोणी चोरून लिहितं, कोणी घरच्यांना सांगून. भूगोल शिकवणाऱ्या मास्तरांनी हा गट जमवला आणि सफाईची टूमही त्यांचीच. वर्षातून एकदा ज्याने त्याने आपली पहिलीवहिली गोष्ट आणायची, मोठ्याने वाचायची, सगळ्यांनी पोट धरून हसायचं आणि मग लिहिणाऱ्याने आपल्या हाताने ती कॉम्प्युटरवरून कायमची पुसायची. वही असेल तर फाडायची. वर टाळ्या. ‘लाज गेली की हात मोकळा होतो,’ असं मास्तर म्हणत.

खरं सांगू? आधीच्या सफाईत ज्यांनी पुसलं त्यांचे हात काही मोकळे झाले नव्हते. दोघांनी तर लिहिणंच सोडलं. ‘सुचत नाही’ म्हणत. आम्ही म्हटलं, संसार, नोकरी, होतं असं. डोक्यात काही आलं नाही.

त्या शनिवारी माझी पाळी होती आणि माझ्या आधी माझ्या मैत्रिणीची. ती परिचारिका आहे. आम्ही दोघी शाळेत एका बाकावर बसायचो. तेव्हा टीव्हीवर एक मालिका लागायची, हरवलेलं बेट शोधत फिरणाऱ्या एका जहाजाची. आम्ही दोघी त्या कप्तानावर जीव ओवाळून टाकत होतो. मधल्या सुट्टीत लिहायचं आणि एकमेकींना वाचून दाखवायचं. तिने त्या जहाजावर एक पोरगी आणली होती, सगळ्यांच्या जखमा बांधणारी. कप्तानाला खरचटलं तरी ही बँडेज घेऊन धावलीच. त्या पोरीपायीच ही पुढे परिचारिका झाली, हे तिने मला स्वतः सांगितलं होतं.

तर तिने वाचलं. आम्ही हसलो, मीही हसले, खोटं कशाला बोलू? ‘तिची बोटं गुलाबाच्या पाकळ्यांहून हलकी होती’ असं वाक्य दर पानावर. मास्तर डोळे पुसत होते. ती स्वतः लालबुंद होऊन हसत होती. मग तिने पुसलं. टाळ्या वाजल्या. आणि टाळ्या थांबता थांबता मला जिन्यावर पावलं ऐकू आली. सावकाश, चाचपडत... अंधारात पायरी शोधणाऱ्या माणसाची असतात तशी. मला वाटलं कोणी उशिरा आलं असेल. पण पावलं दाराशी येऊन थांबली आणि आत कोणी आलं नाही.

‘वाच आता,’ मास्तर मला म्हणाले.

माझी नायिका. तिचं नाव मी तुला सांगणार नाही, आजही माझे कान लाल होतात. आपण तिला बाईसाहेब म्हणू. बाईसाहेबांचे केस गुडघ्यापर्यंत. डोळे पहिल्या भागात जांभळे, चौथ्यात हिरवे, नवव्यात सोनेरी, कारण आधी काय लिहिलंय ते कोण बघतंय! गोळी लागली डाव्या हाताला, पुढच्या भागात झोळीत उजवा. आणि दर भागात, दर प्रसंगात, बाईसाहेब खालचा ओठ दाताखाली चावायच्या. राग आला, चावला. लाज वाटली, चावला. असे एकतीस भाग. एकतिसाव्यात जहाज बुडतंय, कप्तान आत अडकलाय, बाईसाहेबांनी दाराच्या कडीला हात घातलाय आणि ‘तिने मागे वळून पाहिलं...’ बस्स. तिथे माझी परीक्षा आली आणि वही कपाटात गेली. पुढे कधीतरी ते सगळं कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलं, पण त्यापुढे एक ओळ लिहिली नाही. चोवीस वर्षं!

मी वाचायला लागले. पहिला भाग संपेपर्यंत नुसता हशा. दुसऱ्या भागात समुद्र येतो. मी तोवर समुद्र पाहिलाच नव्हता, त्यामुळे त्याला ओल्या खडूचा वास दिला होता, मला जो वास ठाऊक होता तो. ते वाक्य वाचलं आणि माझ्याच नाकात ओला खडू शिरला. आधी मनाचे खेळ म्हटलं. पण मास्तरांनीही नाक वर करून हुंगलं. खळीचा वास कुठल्या कुठे गेला. हसू हळूहळू विरलं. टेबलावरचा दिवा जळत होता, पण त्याचा उजेड जेमतेम माझ्यापुरता उरला होता.

मी मान वर केली. दाराजवळ, पुस्तकं दाबायच्या यंत्राला टेकून, एक बाई उभी होती.

केस गुडघ्यापर्यंत. दोन्ही हात झोळीत, डावाही आणि उजवाही. तिचे डोळे... कसं सांगू? बघावं तेव्हा वेगळे. आणि खालचा ओठ... ओठ नव्हताच गं. चावून चावून नुसती चिंधी उरली होती. ते मी केलं होतं. एकतीस भागांत कितीदा लिहिलं असेल तेवढ्यांदा तिने ते केलं होतं. 

‘थांबलीस का?’ मास्तर हळूच म्हणाले. त्यांना ती दिसत नव्हती. ‘बरं, पुरे. पुसून टाक.’

ती बाई नुसती माझ्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. आमच्या कचेरीच्या खिडकीशी माणसं येतात ना, चार महिने नळाला पाणी नाही आणि आज पुन्हा ‘उद्या या’ ऐकायची तयारी करून आलेली, तसा तो चेहरा. आणि मला एकदम संताप आला. तिचा नाही. स्वतःचा आणि या टाळ्यांचा.

‘नाही पुसत,’ मी म्हटलं.

‘अगं, रीत आहे आपली. बाकीच्यांनी पुसलंच ना?’

‘असेल रीत. मी नाही पुसणार.’

‘तुला लाज नाही वाटत याची?’

‘वाटते ना! ढीगभर वाटते. पण लाज माझी आहे, मास्तर. तुमच्या टाळ्यांसाठी मी ती विकायला काढणार नाही. चौदा वर्षांची होते मी. घरात कोणी माझं ऐकून घेत नव्हतं, शाळेत कोणी मला विचारत नव्हतं. तेव्हा ही बाई माझ्यासाठी जहाजावर तलवार घेऊन उभी राहिली. वाईट लिहिलीय? लिहिलीय. मग? हसायचं तर हसा, पण तिला हात लावायचा नाही.’

मी दाराकडे बघून म्हटलं, ‘बसा.’

ती आली. चालण्याचा आवाज नाही, फक्त केस फरशीवरून घासत आल्याचा. माझ्या शेजारची खुर्ची करकरली. मास्तरांनी त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ती माझ्या कानाशी वाकली.

‘दार... उघडू का?’

चोवीस वर्षं त्या कडीवर हात ठेवून उभी होती गं ती! माझे डोळे भरून आले. म्हटलं, ‘उघडा. आजच लिहिते. डोळे कुठले ठेवू तुमचे?’

‘सगळे,’ ती म्हणाली.

घरी गेले आणि चपलाही न काढता लिहायला बसले. बत्तिसावा भाग. तिने दार उघडलं, कप्तानाला बखोट धरून बाहेर काढलं आणि ओठ एकदाही चावला नाही. तितकाच भडक लिहिला, मुद्दाम. लिहून होईपर्यंत खडूचा वास गेला होता.

तेवढ्यात फोन वाजला. परिचारिका होती.

‘माझ्याकडे कोणीतरी आलंय,’ ती दबक्या आवाजात म्हणाली. ‘दारात उभी आहे. मघापासून. हातात बँडेज आहे...’

मला लगेच कळलं. मी म्हटलं, ‘घाबरू नकोस. तिला आत घे. बस म्हण. तुझीच आहे ती.’

‘तिला... तोंड नाहीये गं.’

‘म्हणजे?’

‘नितळ आहे. भिंतीला गिलावा केल्यासारखं. डोळे नाहीत, नाक नाही, काहीच...’

मी म्हटलं, ‘ऐक. तू पुसलंयस ना, म्हणून. परत लिही. आत्ताच्या आत्ता. काय लिहिलं होतंस, ती कशी दिसायची? डोळे कसे होते? मोठ्याने सांग तिला.’



‘आठवत नाही. मघाशीच वाचलं ना मी... आणि काहीच आठवत नाही...’

‘मग नवीन काहीतरी सांग! काळे डोळे सांग, सरळ नाक सांग, काहीही सांग!’

‘ती आत आलीय,’ परिचारिका म्हणाली. तिचा आवाज एकदम शांत झाला होता. ‘माझ्या चेहऱ्यावरून बोटं फिरवतेय... चाचपून बघतेय. दुखत नाहीये. फार हलकी आहेत गं तिची बोटं...’

फोन बंद झाला. मी धावत सुटले. दोन गल्ल्या सोडून राहते ती. दार उघडंच होतं आणि ती बँडेजवाली... म्हणजे माझी मैत्रीण गं, बघ, जीभ कशी घसरते... ती स्वयंपाकघरात चहा टाकत होती. माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, ‘काही नाही गं, सलग दोन पाळ्या केल्या, डोकं हललं होतं.’ घरात दुसरं कोणी नव्हतं. मी तिला नीट न्याहाळलं. सगळं जागच्या जागी होतं. मी चहा प्यायले, तिचा हात धरून बसले आणि निघाले. जिना उतरताना मात्र मधेच थांबले आणि परत वर गेले. पुन्हा तिला पाहिलं. पुन्हा उतरले. असं तीनदा केलं.

याला पाच वर्षं झाली. ती कामावर जाते, तिथे सगळे म्हणतात, बँडेज बांधावं तर हिनेच. लिहीत नाही. पण दर शनिवारी येते. माझ्या बत्तीसचे आता एकशे चार भाग झालेत. मास्तर नाक मुरडतात, मुरडू देत. त्यांची काय बिशाद आहे मला थांबवायची! मी वाचते आणि तीच सगळ्यात आधी टाळ्या वाजवते. मी तिला सोडणार नाही. ती जी कोणी असेल, तिला सोडणार नाही.

बघ, वाजले किती. येतील आता सगळे. तुझी गोष्ट तुझ्या हातात आहे, मी काही ती हिसकावून घेणार नाही. फक्त एक सांग. खाली, जिन्याच्या तोंडाशी, वहीत तुझं नाव लिहून घेणारी बाई बसली होती ना? दहा मिनिटं बोललीस तू तिच्याशी, मी वरून ऐकत होते. छान हसलातही दोघी.

तीच माझी मैत्रीण.

आता डोळे मीट आणि मला सांग, ती दिसायला कशी आहे?

...घाबरू नकोस. मलाही सांगता येत नाही.