तारवाबाहेरची माणसं

पुसदच्या टॉकीजमध्ये प्रलयाचा सिनेमा चालू होता. पडद्यावर नोहाच्या तारवाचं दार बंद झालं, पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि सलोनी तरातरा उठून बाहेर आली. पायऱ्यांवर आधीच एक जण बसला होता… कपाळावर घाम, हातात चुरगळलेलं तिकीट.

"तू बी पळाली?" त्यानं विचारलं.

"पळाली नाही. हवा खायाले आली," सलोनी फणकारली. "अन् तू?"

"मले पाण्याचं भेव वाटते."

"नाव काय तुह्यं?"

"बादल."

सलोनीला हसू आवरेना. नाव बादल, आणि पाण्याला भितो! तोही हसला. हसताना त्याचा एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसे, आणि तिला तो दिसला नाही असं म्हणणं म्हणजे शुद्ध खोटं.

सिनेमा तिला आवडला होता, हीच तर पंचाईत होती. बायबलातली गोष्ट, कोट्यवधींचा खर्च, डोंगराएवढ्या लाटा… ती डोळे फाडून बघत बसली होती, आणि त्याचीच आता लाज वाटत होती. दोन वर्षांपूर्वी असल्याच पाण्यात बंजारा तांड्यावरची तिची दादी, लालीबाई, वाहून गेली होती. सलोनी तेव्हा हॉस्टेलवर होती. कुठल्याशा गावाहून ट्रॅक्टर आला, एक फेरी झाली, दुसरी झालीच नाही. एवढंच तिला कळलं. का नाही झाली, हे कुणी सांगितलं नाही. दिवाळीला तांड्याच्या रिवाजाप्रमाणे दादीच्या नावानं विस्तवात घास टाकताना ती त्या ट्रॅक्टरवाल्याला पोटभर शिव्याशाप देई.

"तारवाबाहेरच्या लोकाईले चेहराच नाही दाखवला," ती म्हणाली. "मेले थे सारे पापी म्हने. पुरात गेली माह्यी दादी… थे कायची पापी?"

"अन् आत बसला त्याले मंग झोप कशी लागली," बादल हळूच म्हणाला, "थे बी नाही दाखवलं."

असं बोलणारा माणूस तिला आजवर भेटला नव्हता. मग ते भेटतच राहिले. रसवंतीवर तो तिच्या ग्लासातला बर्फ काढून आपल्या ग्लासात टाकी, कारण तिचा दात ठणके. हाताला हात लागला की दोघंही आपापल्या ग्लासात बघत. एकदा तिनं मोबाइलवर दादीचा फोटो दाखवला. बादल बघत राहिला, रस तसाच ठेवून उठला, आणि पुढे आठ दिवस त्यानं फोन उचलला नाही.

नवव्या दिवशी तो रसवंतीवर आला आणि त्यानं एक गाठोडं तिच्यापुढे ठेवलं. आत फेटिया-कांचळी होती, बंजारा घागरा-चोळी. आरसे, कवड्या लावून दादीनं सलोनीच्या लग्नासाठी वर्षानुवर्षं शिवलेली.

"थो ट्रॅक्टर माह्या होता," बादल म्हणाला. "ट्रॉली दबून राह्यली होती. झरीकडून निंदनाले आलेल्या मजुराचे दोन लेकरं खाली रडत होते… म्याच तुह्या दादीले म्हटलं, तू उतर, दुसऱ्या फेरीत नेतो. तिनं गाठोडं देलं. म्हने, नातीच्या लग्नाचं आहे, भिजू देऊ नको. मंग नाल्यावरचा पूलच गेला. कोनाची नात, हे इचाराची हिंमत नाही झाली माह्यी."

"रडली का थे?"

"नाही. लेकराईले बायांच्या मांडीवर बसवून देलं, अन् उतरली."

सलोनी फेटिया छातीशी धरून ढसाढसा रडली. पुढे आलेला त्याचा हात तिनं झिडकारला, आणि मग तोच घट्ट धरून ठेवला.

"तू मले आवडतं," ती म्हणाली. "लय आवडतं. अन् तुले माफ कराले मले जमून नाही राह्यलं. दोन्ही खरं आहे."

"मंग… जाऊ मी?"

"बस खाली. दोन वर्साच्या शिव्या आहेत, त्या आयकून जा."

बादल मान खाली घालून बसला. सलोनीनं तोंड उघडलं. पण शिवी काही केल्या बाहेर येईना.

"थे लेकरं… जगले ना?" तिनं विचारलं.

"हौ. पोट्टी तिसरीत आहे आता."

सलोनीनं फेटियाची नीट घडी घातली. मग डोळे पुसून म्हणाली, "मले झरीले घेऊन चाल. तिले पाहाचं आहे."