महागाचा रंधा

त्या दुकानात मी खरं तर पॉलिश पेपर घ्यायला शिरले होते. पण काचेच्या कपाटात तो रंधा दिसला — पोलादी, पितळी चाकाचा — आणि मी तिथेच थबकले. किंमत वाचली तशी झटकन मागे सरले, ती थेट दुकानदाराच्या पायावर.

“घेऊ नका,” तो कळवळत म्हणाला. “नुसती ऐट आहे. घरातल्या रंध्याला नीट धार लावलीत तर तोही हेच काम करील.”

असा दुकानदार मी जन्मात पाहिला नव्हता. आलेलं गिऱ्हाईक स्वतःच परत पाठवणारा... आणि डोळे किती शांत!

दुसऱ्या दिवशी मी बाबांचा जुना लाकडी रंधा घेऊन गेले. त्याने धार लावून दिली. मग पटाशी घेऊन गेले, मग करवत. आपल्या घरातल्या हत्यारांना एवढी धार कधीच नव्हती, असं म्हणून बाबा गालातल्या गालात हसले. मी लाजून चूर झाले.

खरं दुखणं मात्र मी त्याला सांगितलंच नव्हतं. अपघातानंतर माझ्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. खुर्च्या करणं हे माझं पोट, आणि माझा जीवही. लाकडी रंध्याचं पातं हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी बसवावं लागतं, आणि तेच मला जमेनासं झालं होतं. बाबा थकलेले. असंच चाललं असतं तर वर्कशॉपला कुलूप लावावं लागलं असतं.

एक दिवस त्याच्यासमोरच पातं बसवताना हातोडी माझ्या हातून निसटली. त्याने वाकून ती उचलली. कपाट उघडून त्याने तो महागाचा रंधा माझ्यापुढे ठेवला.

“चाक अंगठ्याने फिरवा. पातं त्यानेच वरखाली होतं.”

मी फिरवलं आणि तिथल्याच एका फळीवर रंधा मारला. अखंड, पातळ छिलका निघाला... किती महिन्यांनी! डोळे भरून आले, आणि त्याचाच मला राग आला.

“कीव करताय माझी?”

“कीव आली असती तर फुकट दिला असता,” तो म्हणाला. “मी पुरी किंमत घेणार आहे. लोकांना नको म्हणतो, कारण त्यांना गरज नसते. तुम्हाला आहे.”

मी रंधा घेतला. साठवलेलं सगळं गेलं, आणि जराही वाईट वाटलं नाही. वाईट वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. तोही पुडकं बांधायला फार वेळ लावत होता.

“आता कामं सुरू होतील तुमची,” तो मान खाली घालून म्हणाला. “मग कशाला येताय इकडे...”

शेवटी मलाच धीर करावा लागला. लांब फळीला रंधा मारताना दुसरं टोक धरायला माणूस लागतो, बाबांना आता ते झेपत नाही, असं मी कसंबसं सांगितलं.

“पगारी माणूस हवाय?” त्याने विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. “घरचा.”

त्याचे हात सुतळीवरच थांबले. मग त्याने भर दुपारी दुकानाचं शटर खाली ओढलं आणि पुडकं उचलून माझ्याबरोबर बाबांना भेटायला निघाला.