भानुदासची करंगळी

"माणसं येतील आणि जातील, पोलाद मात्र अमर आहे!" भट्टीसमोर उभं राहून भानुदास यंत्रमानवाने जाहीर केलं, आणि त्याची करंगळी गळून पडली.

टण्ण!

करंगळी घरंगळत इंदुजाच्या पायाशी आली.

"हे भाषणात होतं का रे?" तिने विचारलं.

"नव्हतं," भानुदास म्हणाला.

पठारावरच्या त्या सौरभट्टीत (आरशांनी ऊन एकवटून तापवलेल्या भट्टीत) भानुदास काचेचे फुगे बनवायचा. धगीत हात घालून वितळलेल्या काचेचा गोळा उचलायचा आणि बाहेरच्या गार वाऱ्यात धरून फुगवायचा. मग फुगे ढगांकडे तरंगत जायचे. दुपारभर आकाशात त्यांचे रंग हलत राहायचे, आणि खाली माणसं कामं टाकून वर बघत बसायची. याला तिथे हवामान-संशोधन म्हणत.

भट्टीच्या प्रमुख प्रधानबाईंनी करंगळी पाहिली, हातावरच्या बारीक भेगाही पाहिल्या.

"संध्याकाळपर्यंत कारण सापडलं तर ठीक. नाहीतर भानुदासला वितळवून कुंपण करू. छान होईल हो कुंपण," त्या मायेने म्हणाल्या.

इंदुजा रडवेली होऊन धावली आणि आजोबांना घेऊन आली. अप्पाआजोबा धातुशास्त्रज्ञ होते, म्हणजे धातूंच्या तक्रारी ऐकून घेणारे. माणसांच्या ऐकायला त्यांना वेळ नसे.

त्यांनी भिंगातून हात न्याहाळला. "हा इतका चकचकीत कसा?"

"मी घासते ना!" इंदुजा म्हणाली. "खंडेनवमीला आपण यंत्रं घासून त्यांची पूजा करतो. तेव्हा हा इतका देखणा दिसला, की मी रोजच घासायला लागले. राख आणि काथ्या घेऊन."

"सगळे म्हणतात, लग्नाचा मुलगा दिसतो," भानुदासने भर घातली.

आजोबा मटकन खाली बसले.

"अगं, याचा हात मिश्रपोलादाचा आहे (लोखंडात दुसरे धातू मिसळून केलेला). त्यात क्रोमियम असतं. तापल्यावर ते हवेतल्या प्राणवायूला धरून पृष्ठभागावर एक पातळ, घट्ट साय आणतं. ही ऑक्साइडची साय म्हणजे हाताचं पांघरूण. ते असलं की प्राणवायू सहजी आत शिरत नाही."

"आणि मी पांघरूण रोज ओढून काढत होते?"

"रोज. बिचारं क्रोमियम रोज नवं विणत होतं. विणता विणता वरच्या थरातलं संपत आलं. मग प्राणवायूने लोखंडाला गाठलं. लोखंडाचा पापुद्रा ठिसूळ, लगेच सुटतो."

"पण करंगळी तुटली कशी?"

आजोबांनी खिशातली तार काढली आणि तिच्या हातात दिली. "वाकव. सरळ कर. पुन्हा वाकव."

थोड्या वेळाने तार तुटली.

"हा धातूचा थकवा. भट्टीत हात प्रसरण पावतो (फुगतो), वाऱ्यात आकसतो. कातडी आणि गाभा एका वेगाने तापत नाहीत, त्यामुळे आतल्या आत ओढाताण होते. एक दिवस केसाएवढी भेग पडते. भेगेत प्राणवायू शिरतो, तिथे ऑक्साइड तयार होतं. ते लोखंडापेक्षा जास्त जागा मागतं आणि पाचरीसारखं भेग रुंदावतं."

इंदुजाला क्षणभर दिसलं, की आपण स्वतःच त्या भेगेत उभ्या आहोत. दोन्ही बाजूंना करड्या दऱ्या, वरून तांबडा उजेड, आणि प्राणवायूचे कण धुक्यासारखे खाली उतरताहेत.

"बाकीच्या भेगा खोल नाहीत, हात वाचेल," आजोबांचा आवाज लांबून आला. "वरचा थर तासू, सावकाश तापवून नवी साय धरू देऊ. आणि भट्टीच्या दाराशी एक कोमट खोली बांधू. आत जाताना, बाहेर येताना हात तिथे थोडा थांबेल."

प्रधानबाईंनी सुस्कारा सोडला. कुंपण त्यांच्या मनात अगदी भरलं होतं. पण त्या हो म्हणाल्या.

काही दिवसांनी भानुदासने राखाडी, मळकट हाताने नवा फुगा सोडला. नवी करंगळी जागेवर होती.

"आजोबा, असा हात घेऊन एक दिवस सूर्याच्या अगदी जवळ जाता येईल?" इंदुजाने विचारलं.

"त्याहून सोशिक पोलाद लागेल. ते तू शोध."

फुगा सोनेरी होत विरळ ढगात शिरला.

"एक विनंती होती," भानुदास हळूच म्हणाला. "पाठ काही भट्टीत जात नाही. खाजतेय कधीची. तेवढी घासाल का?"