जलदेवीचं इंजिन कोण बंद पाडतं?

करंजवणीच्या खाडीत त्या आठवड्यात एक विचित्र प्रकार चालला होता. मोरेश्वर तांडेल यांची ‘जलदेवी’ ही मासेमारीची छोटी बोट धक्क्यावर दोरी ओढताच सुरू व्हायची, मजेत खाडीच्या मध्यापर्यंत जायची, आणि तिथे तिचं इंजिन दोन-चार आचके देऊन गप्प व्हायचं. मग कितीही दोरी ओढा, ढिम्म. दुसऱ्या बोटीनं ओढत परत आणली, की धक्क्यावर तेच इंजिन पहिल्या झटक्यात सुरू! बिघाड आहे म्हणावं तर सापडत नाही, आणि नाही म्हणावं तर घरात मासळी येत नाही.

मोरेश्वरांना मात्र कोडंबिडं काही पडलं नव्हतं. त्यांना गुन्हेगार ठाऊक होता. खुबा.

खुबा हा यंत्रमानव. पाठ खुब्याच्या शिंपल्यासारखी गोल, म्हणून मोरेश्वरांच्या मुलीनं, जुईनं, त्याला हे नाव दिलेलं. वाऱ्याचा अंदाज घ्यायला आणि जाळं ओढायला मच्छीमार सोसायटीनं तो नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पाठवला, आणि नेमकं त्याच दिवसापासून इंजिन रुसलं. त्यात ही सोसायटी आपोआप चालणाऱ्या बोटीही भाड्यानं द्यायची. मोरेश्वरांनी दोन आणि दोन पाच केले. आपली बोट बंद पाडायची, मग त्यांची भाड्यानं घ्यायला लावायची, त्यासाठीच हा हेर पाठवलाय!

जुईला आधी हे पटत नव्हतं. पण तिनं चोरून पाळत ठेवली, तेव्हा तिलाही शंका आली. इंजिन बंद पडायच्या जरा आधी खुब्याच्या छातीवरचा निळा दिवा लुकलुकायचा. दर वेळी. आता सांगा, तुम्ही तरी काय समजला असतात?

एके दिवशी खुब्याला धक्क्यावरच ठेवून बोट नेली, तरी ती बंद पडली. म्हणजे खुबा सुटला, असं जुईला वाटलं. बाबा म्हणाले, तो किनाऱ्यावरून लहरी सोडतो. संशय एकदा घरात शिरला, की तो सोफ्यावर पाय पसरून बसतो. बाबांनी सोसायटीला कळवून टाकलं, दुपारी टेम्पो पाठवा आणि हे यंत्र घेऊन जा. बिघडलेला यंत्रमानव परत गेला, की त्याची स्मृती पुसून तो कोरा करतात. म्हणजे खुब्याला मग जुईही आठवली नसती.

जुईला राहवलं नाही. धक्क्यावर तिनं खुब्याला सरळच विचारलं, “दिवा का लुकलुकतो तुझा?”

“इंजिनाचा आवाज बदलतो म्हणून,” खुबा म्हणाला. “मला तो तुमच्याआधी ऐकू येतो. पण कारण माहीत नाही. आणि बोटीवर तोंड उघडायचं नाही, असं बाबांनी मला पहिल्याच दिवशी बजावलंय.”

ते खरंच होतं. मासळीला जाताना कुणी वटवट केलेली बाबांना खपत नसे. माणसांना ते नुसते डोळे वटारून दाखवत. यंत्राला त्यांनी हुकूम दिला, आणि यंत्रानं तो पाळला.

जुईनं हट्टच धरला. टेम्पो यायच्या आत एक फेरी, खुब्यासकट, आणि त्याला बोलायची परवानगी. बाबा कुरकुरत तयार झाले. पण त्यांनी खुब्याचे दोन्ही हात जाळ्याच्या दोरीनं करकचून बांधले. म्हणाले, बोलू दे, पण कशाला हात लावायचा नाय.

खाडीच्या मध्यावर इंजिन ठरल्याप्रमाणे आचके देऊन बंद पडलं. बाबा खुब्याकडे डोळे बारीक करून बघत राहिले.

“कुणावर संशय घ्यायचा, ते नंतर ठरवू,” खुबा शांतपणे म्हणाला. “आधी कशावर घ्यायचा, ते बघू. या इंजिनाला तीन गोष्टी लागतात. ठिणगी, हवा आणि इंधन. एकेक तपासायची, आणि जी ठीक निघेल तिच्यावरचा संशय सोडून द्यायचा.”

आधी ठिणगी. बाबांनी प्लग (इंधन पेटवायला ठिणगी टाकणारा भाग) बाहेर काढून तपासला. निळी ठिणगी टचकन उडाली. ठिणगी संशयातून सुटली. (हे तुम्ही घरी करायचं नाही. पेट्रोलजवळ ठिणगी म्हणजे खेळ नव्हे.) मग हवा. इंजिनात हवा जाण्याची वाट स्वच्छ होती, तीही सुटली. उरलं इंधन. टाकी उचलून बघितली, तर चांगली जड. पण टाकी आणि इंजिन यांच्यामधल्या नळीवर पेट्रोल पुढे ढकलायचा जो रबरी फुगा असतो, तो पार चपटा झाला होता.

“टाकी भरलेली, मग पेट्रोल जात का नाय?” बाबांनी खुब्यालाच दरडावलं. “नळीत काय कोंबलंस?”

खुबा म्हणाला, “जुई, टाकीचं झाकण सैल कर.”

झाकण फिरताच सुस्स आवाज झाला. फुगा हळूहळू गोल झाला. दोरी ओढली आणि इंजिन सुरू!

मग खुब्यानं जुईला विचारलं, की आई तेलाच्या डब्याला भोकं किती पाडते? दोन, जुई म्हणाली. एकातून तेल येतं, दुसऱ्यातून... ती थांबली. दुसऱ्यातून हवा आत जाते! एकच भोक असेल तर तेल गचके खात येतं आणि अडतं.

“टाकीचंही तसंच,” खुबा म्हणाला. “पेट्रोल बाहेर गेलं, की त्याच्या जागी हवा आत यायला हवी. नाही आली, तर टाकीतली हवा विरळ होते. तिचा दाब (हवा सगळ्या बाजूंना जो रेटा देते तो) कमी पडतो, आणि पेट्रोलला मागून रेटायला कुणी उरत नाही. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं.”

जुईनं झाकण उलटसुलट केलं. भोक होतं. त्यावर निळ्या रंगाचा जाड थर बसला होता. नारळी पौर्णिमेला बोट नव्या नवरीसारखी दिसावी, म्हणून बाबांनी काठापासून टाकीच्या झाकणापर्यंत तिला रंग दिला होता. ब्रशला दुसऱ्या कुणाला हातही लावू दिला नव्हता.

“पण मग धक्क्यावर सुरू कशी व्हायची?” जुईनं विचारलं.

याचं उत्तर बाबांनाच सुचलं आणि त्यांचा चेहरा पडला. खारं पाणी उडेल म्हणून खाडीत ते झाकण कधी उघडत नसत. पण धक्क्यावर आलं, की खुब्यानं पेट्रोलमध्ये काही मिसळलं असेल या संशयानं ते दर वेळी झाकण उघडून वास घ्यायचे, आणि तेवढ्यात हवा आत शिरायची.

बाबांनी गळाच्या टोकानं रंग खरवडला. भोकातून पलीकडचं आकाश दिसलं. जुईला हसू येत होतं आणि बाबांची दयाही येत होती. खुबा आता कुठे जाणार नव्हता, हे तिला त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळलं.

खुब्याच्या हातांवरची दोरी भिजून घट्ट आवळली होती. बाबांनी नखांनी ओढून बघितलं. सुटेना. मग ते खाली वाकले आणि दातांनी गाठ सोडवू लागले. गाठ सुटली, तेव्हा खुब्यानं विचारलं,

“पुढच्या वेळी आवाज बदलला, तर सांगू?”

“सांग,” बाबा म्हणाले. “मी ऐकलं नाय, तर वरड.”

जुईनं सुकाणू धरलं. टेम्पोवाला धक्क्यावर हात हलवत उभा होता, पण जलदेवी वळली ती सरळ समुद्राकडे.