धरणातल्या जोत्यावरची रात्र

राकेश त्या दिवशी माझ्याकडं आला व्हता तो गोण्या मागायला. रिकाम्या गोण्या. सिमेंटच्या चालतील, खताच्या चालतील, फक्त फाटक्या नकोत म्हणला.

हर्षाली, ती दोरी ठेव बाजूला, उद्या बांध. सुनील, तूबी बस. तुमी दोघं दिवाळीनंतर गाड्या घेऊन राजस्थानच्या वाळूत चाललाय, आन सरावाला आता उन्हाळ्यातच आमच्या धरणात उतरायचं म्हणताय. म्हणून सांगतो. तुमाला भ्या दाखवायला सांगत न्हाई. राकेशनं मला गोष्ट जशी सांगितली तशी सांगतो, आन शेवटचं थोडं माझ्या डोळ्यांनी बघितलेलं हाय.

राकेश महाळुंगे पडवळचा. वायरमन. आमच्या डोंगराकडच्या वाड्यांना बरीच वर्षं त्याचीच ड्युटी व्हती. पावसात तार तुटली की काम करून माझ्या पडवीत बसायचा, चहा प्यायचा. मी एसटीतनं रिटायर झालेला, मला तरी दुसरं काय काम? मला मामा म्हणायचा.

त्याचा धाकटा भाऊ रुपेश. दोघांनी मिळून एक मोटारसायकल घेतली व्हती. जुनीच, पण उंच, खडकातनं चालंल अशी. रुपेशला वाळूच्या डोंगरांचं येड. जैसलमेरच्या पुढं कुठंतरी. मोबाईलवर बघायचा आन भावाला दाखवायचा. वाळूत गाडी चालवायची, तंबू ठोकायचा, रात्री तिथंच झोपायचं. दोघांनी तंबू आणला. झोपायच्या पिशव्या आणल्या. घरात ते पसरून बघायचे, आन आई, जानकाबाई, ओरडायची, "अरं माझं घर हाय का जंगल?"

माघात रुपेश गेला. ताप आला, दवाखान्यात न्हेला, आन आठवडाबी टिकला न्हाई.

पुण्यानुमोदनाला, गेलेल्याच्या नावानं वंदना असते तिथं, मी गेलो व्हतो. जानकाबाई भिंतीला टेकून बसलेली. सगळं घर रडत व्हतं. आन राकेश मंडपवाल्याला सांगत व्हता, वायर ह्या अंगानं काढ, तिथं करंट उतरतो.

रडला न्हाई गडी. पुढंबी न्हाई. कामावर जायचा, खांबावर चढायचा, बोललं तर बोलायचा. माझ्याकडं जेवला एकदा. मी इचारलं, मीठ बरोबर हाय का रं? तर म्हणला, "असंल." जेवणारा त्यो, आन मला म्हणतो असंल!

रुपेशचं नाव त्याच्या तोंडून पुन्हा आलं न्हाई. पण तयारी थांबली न्हाई. गाडीचे टायर बदलले. स्टोव्ह आणला. पाण्याचे डबे आणले. आई म्हणली, नको जाऊ बाबा, आता कुणासाठी? तर म्हणला, "तयारी झालीय ना." एवढंच. जाऊ वाटतंय असं न्हाई, न्हाई वाटत असंबी न्हाई. तयारी झालीय.

तर गोण्या. गेल्या वैशाखातली गोष्ट. शुक्रवार. दुसऱ्या दिवशी अमावस्या.

"गोण्या कशाला रं?" मी इचारलं.

"वाळूत तंबूच्या खुंट्या धरत न्हाईत, मामा. गोणीत वाळू भरायची, तिला दोरी बांधायची आन गोणी पुरायची. ते करून बघतो आज रात्री."

"आजच? उद्या अवस हाय."

"उद्या सुट्टी हाय," तो म्हणला. "आन आमच्या घरात ते कुणी मानत न्हाई."

गोण्या दिल्या. वैशाखात धरण तळाला जातं, तुमाला ठाऊक हाय. वरल्या अंगाला, नदी आत शिरते तिथं, वाळूचा मोठा पट्टा उघडा पडतो. आमचं जुनं गाव तिथंच व्हतं. भिंती कवाच्या गेल्या. घरांची जोती तेवढी वर येत्यात, नुसत्या दगडांच्या चौकटी. मी त्याला एवढंच सांगितलं, वाळूवर झोप, जोत्यावर झोपू नको.

"का?"

"दगडं टोचतील," मी म्हणलो. आता मलातरी कुठं काय ठाऊक व्हतं?

तो खाली उतरला तवा ऊन कलतं व्हतं. टायरातली निम्मी हवा सोडली, कारण फुगलेलं चाक वाळूत रुततं. उभं राहून गाडी चालवायला लागला. पडला. गाडी उचलली. पुन्हा पडला. माझ्या अंगणातनं मला दिसत व्हता, एवढा बारीक. कुणी पडलं की कपडे झटकतं, शिव्या देतं, हसतं. ह्याचं तसं काय न्हाई. पडायचा, उठायचा, गाडी उचलायचा. अंधार पडंपातुर तेच.

मंग वारं सुटलं. वाळू उडायला लागली. त्यानं तंबू लावला, गोण्या पुरल्या, पण त्याला ते नीट जमलं न्हाई. एक गोणी उपसून आली, मंग दुसरी. शेवटाला तंबू उचलला आन आडोसा बघून एका जोत्यावर न्हेऊन लावला. दगडांची चौकट व्हती, जमीन सपाट व्हती. दोऱ्या दगडांनाच बांधल्या. मी सांगितलेलं त्याच्या ध्यानात व्हतं. पण काय फरक पडतो, असं वाटलं म्हणला.

खाल्लं काहीतरी. झोपला.

जाग आली ती आवाजानं.

खर्र… खर्र…

झाडल्यासारखा. खराट्यानं अंगण झाडतात तसा. तो पडून ऐकत राहिला. वारं असंल. पण वारं पडलं व्हतं. तंबूचं कापड हलत नव्हतं.

खर्र… खर्र…

तंबूच्या डाव्या अंगानं आवाज मागं गेला. मागनं उजव्या अंगाला आला. मंग दारापाशी. तिथं थांबला.

"भागू… आलास का रं?"

म्हातारीचा आवाज. दमलेला. लई दिवसांनी पोरगं घरी आलं की आई इचारते ना, तसा.

राकेश मला म्हणला, "मामा, मला भ्या वाटायला पायजे व्हतं. मी वाट बघत व्हतो, आता वाटंल, आता वाटंल. वाटलंच न्हाई. मी आपला जबाब दिला."

"मी भागू न्हाई," त्यानं सांगितलं.



"मंग कोण?"

"राकेश. वायरमन."

मंग खराटा खाली ठेवल्याचा आवाज आला. आन कुणीतरी दाराशी बसलं. गुडघे मोडून, भुईला हात टेकून, हुश्श करत. तंबूचं कापड तेवढ्या जागी आत दबलं. पाठ टेकल्यागत.

"घर माझं हाय," म्हातारी म्हणली. "झोप. झोपायला ना न्हाई."

"सकाळी जातो," राकेश म्हणला.

"जा की… पर त्याला बाहेर का ठेवलास?"

"कुणाला?"

"त्याला. तुझ्यासंगं आलाय त्यो."

"मी एकटाच आलोय."

"न्हाई." म्हातारी हळूच म्हणली. "गाडीवर मागं बसलाय. मघापास्नं. तू पडत व्हतास… त्योबी पडत व्हता. तू उठत व्हतास… त्योबी उठत व्हता."



सुनील, बॅटरी लावू नको. राहू दे. ऐक.

राकेश उठून बसला. तंबूच्या दाराची चेन असते, तिला हात लावला. बोटं चेनीवर. ओढावं, का न ओढावं? कापडाच्या पलीकडं म्हातारीची पाठ. अंधार असा, का स्वतःचा हात दिसंना.

"गारठलाय त्यो," म्हातारी म्हणली. "लई गार पडलाय."

वैशाखातली रात्र, पोरांनो. अंगावर सदरा नको वाटतो.

"त्याला आत घे," ती म्हणली. "न्हाईतर मी न्हेते."

"कुठं?"

"माझ्यासंगं… माझ्या पोराची जागा रिकामीच हाय. पानी चढंल आता म्हैन्याभरात. मंग आमी खाली. त्योबी खाली. त्याला काय… कुनीतरी बोलावलं म्हंजी झालं. त्यो कुनाच्याबी संगं यील."

राकेशची बोटं चेनीवरच.

म्हातारी उठली. कापड सुटलं, सरळ झालं. पावलं चालली. गाडीकडं. वाळूत पाय पडतात तसा फस… फस… आवाज.

थांबला.

गाडीची स्प्रिंग वाजली. मागं बसलेला माणूस उतरला की गाडी जरा वर येते, तवा वाजते तशी.

मंग पावलं निघाली. पाण्याकडं.

दोघांची.

राकेशनं चेन ओढली. बाहेर डोकं काढलं. काय दिसंना. नुसता काळोख, आन पावलं लांब लांब चाललेली. त्याला हाक मारायची व्हती. तोंड उघडलं. नावच येईना. चार म्हैने जे नाव घेतलं न्हाई, ते घशातनं वर येईना. असं वाटलं, म्हणला, का कुणी गोणीत भरून ते खोल पुरलंय.

पावलं लांब गेली. अजून लांब. पाऊल पाण्यात पडल्याचा बारीक आवाज आला.

चुळुक…

"रुपेश!"

ओरडला. पार फाटला आवाज.

"रुपेश, हिकडं ये! आत ये!"

सगळं थांबलं. पाणी, वाळू, किडा, मुंगी… काय न्हाई.

राकेश मागं सरकला. झोपायची पिशवी एका अंगाला ओढली. निम्मा तंबू मोकळा केला. तसाच कुशीवर पडला, कापडाकडं तोंड करून. दार उघडंच.

"मंग?" मी त्याला इचारलं.

"मंग काय, मामा?"

"आलं का कुणी?"

मी पुन्हा इचारलं न्हाई. तुमीबी इचारू नका.

दिवस उजाडता तो माझ्या दारात. चालत आलेला. गाडी, तंबू, सगळं खालीच टाकून. डोळे सुजलेले, तांबडेलाल. मला वाटलं दारू प्याला का काय. पायरीवर बसला आन म्हणला, "मामा, भूक लागलीय."

रात्रीची भाकर व्हती, पिठलं व्हतं. एक घास खाल्ला आन माझ्याकडं बघितलं.

"पिठल्यात मीठ लई झालंय," म्हणला.

खाता खाता सगळं सांगितलं, आता तुमाला सांगितलं तसं. सांगता सांगता रडत व्हता, आन रडता रडता खात व्हता. मी त्याला ते घर कुणाचं ते सांगितलं. सखूबाईचं. तिचा एकुलता पोरगा भागू मुंबईला गोदीत कामाला गेला व्हता, तो परत आलाच न्हाई. धरण झालं, गाव उठलं, सगळ्यांनी घरं सोडली. म्हातारी निघंना. पोरगा आला तर कुठं शोधंल, म्हणायची. शेवटी उचलून आणली तिला. नव्या घरात तिनं पहिला पावसाळाबी काढला न्हाई.

काय गं, हर्षाली? हा, गेला की. राजस्थानला गेला, वाळूत गाडी चालवली, परत आला. एकटाच गेला व्हता. निघताना जानकाबाईनं दोघांपुरत्या दशम्या बांधून दिल्या. त्यानं न्हेल्या. आईला काय सांगितलं व्हतं त्यानं, ते मला ठाऊक न्हाई.

पण त्या सकाळचं राहिलं.

भाकर खाऊन झाल्यावर आमी दोघं सामान आणायला खाली उतरलो. ऊन चढलं व्हतं. मी सगळं बघितलं. गाडीपाशी बघितलं, जोत्याच्या चारी अंगांनी बघितलं, पाण्यापातुर जाऊन आलो. वाळूत राकेशचीच पावलं, सकाळी माझ्याकडं आला त्याची. दुसरं काय न्हाई. जोत्यावरची माती सुकून भेगाळलेली, खराट्याची एक रेघ न्हाई. मला जरा बरं वाटलं. म्हणलं, पोरगं दुःखात हाय, सपान पडलं असंल.

आमी दोऱ्या सोडल्या. आतलं सामान काढलं. तंबूचा तळ हातानं चाचपून बघितला, कोरडा ठाक. मंग एका अंगाला मी धरलं, एका अंगाला त्यानं. उचलला.

खालची भुई सारवलेली व्हती.

शेणानं. तंबूएवढीच, ह्या कडंपास्नं त्या कडंपातुर. त्या अंगाला गुरं येत न्हाईत, गाळात रुततात. बोटांचे गोल गोल फराटे उठलेले, बाईमाणसाच्या हाताचे. सणाला घर सारवतात तसं, एक कोपरा सोडलेला न्हाई.

राकेश खाली वाकला. तळवा टेकवला.

मीबी टेकवला.

ओलं व्हतं.