पाठ घासायची रीत

जानेवारीतल्या त्या शनिवारी मृणालिनीला खरं तर दोनच कामं होती. लेकीला स्केटिंगच्या क्लासला सोडायचं आणि ग्रोसरी आणायची. ती दोन्ही नंदननं काढून घेतली आणि तिसरंच काम तिच्या गळ्यात मारलं.

"सलोनीला मी नेतो. तू त्या कोरियन स्पामध्ये जा. आज गेली नाहीस तर सोमवारी गाडीची किल्ली मिळणार नाही."

नवरा एरवी मवाळ होता, पण आता तो घाबरला होता. मागच्याच आठवड्यात ग्वेल्फहून वाढदिवसाची पार्टी आटोपून येताना हायवेवर मृणालिनीचा डोळा लागला होता. मागच्या सीटवरून सलोनी "ममा, वेक अप!" म्हणून किंचाळली नसती, तर पुढचं काही बोलायलाच नको.

दहा महिने तिला धड झोप नव्हती. मार्चमध्ये नागपूरला आई गेली, तेव्हा इथे असा बर्फ पडला की दोन दिवस विमानंच उडाली नाहीत. तिकडे तिच्यासाठी थांबले नाहीत. शेवटची आंघोळ वहिनीनं घातली. नंतर फोनवर एक काकू सहज बोलून गेल्या, "लेकीच्या हातची आंघोळ नाही मिळाली गं त्यांना." त्या बोलून मोकळ्या झाल्या. मृणालिनी मात्र डोळे मिटले की बादली भरत राहायची, आणि आई कुठे ठेवलीय तेच तिला सापडायचं नाही.

स्पाचा पत्ता सूजिन या कोरियन मैत्रिणीनं दिला होता. टोरांटोजवळच्या केंब्रिजच्या कारखान्यात दोघींची टेबलं शेजारी होती. सूजिननं रीतही समजावली होती. आधी ऊन पाण्यात बसायचं, कातडी मऊ झाली की खरखरीत हिरव्या हातमोज्यानं अंग घासायचं. पाठीला आपला हात पोचत नाही, म्हणून शेजारची बाई, मग ती अनोळखी का असेना, घासून देते. "आणि तिनं तुझी घासली," सूजिन म्हणाली होती, "की तू तिची घासायची. नाही म्हणायचं नाही."

टोरांटोच्या उत्तरेला, एका प्लाझात, किराणा दुकानाच्या मागे ते स्नानगृह होतं. आमची बाई पोहण्याचा पोशाख घेऊन गेली होती. दारातल्या बाईंनी तो दोन बोटांत धरून परत दिला. आत सगळ्या जणी जन्माला आल्या तशाच बसतात, हे सूजिननं सांगितलं होतं, पण ते आपल्याला लागू नसावं असं मृणालिनीनं परस्पर ठरवून टाकलं होतं. शेवटी हातभर टॉवेल पोटाशी धरून, भिंतीकडे बघत ती आत शिरली.

बर्फामुळे गर्दी नव्हती. दोन म्हाताऱ्या टाकीत डोळे मिटून बसल्या होत्या. एका कुंडातलं पाणी तपकिरी होतं, त्यात कसला तरी पाला उकळून घातला होता. वास थेट दवण्याचा. ती गळ्यापर्यंत त्यात बुडून बसली. मग कोपऱ्यातल्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर येऊन हात-पाय घासू लागली. मळाच्या राखाडी वळ्या निघत होत्या, आणि तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

त्या दोन म्हाताऱ्या केव्हा उठून गेल्या, कळलं नाही. वाफ दाट झाली. टपटपणारे नळ एकेक करत गप्प झाले.

मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी तिच्या पाठीवर पाणी ओतलं.

रीत माहीत होती, म्हणून ती मुकाट्यानं वाकून बसली. हात सराईत होता. मानेपासून कमरेपर्यंत, मग कानामागे. मग त्या बाईनं तिचा डावा हात वर उचलला. उचलला तो करंगळीला धरून.

करंगळीला धरून हात उचलणारं माणूस जगात एकच होतं. दर दिवाळीला, थंडीत कुडकुडताना, मृणालिनीनं त्या धरण्याबद्दल आईशी भांडण केलं होतं.

मागे बघायचा धीर होईना. "आई...?"

हात थांबले. मग पुढ्यातल्या वाफेत एक लहानखुरी म्हातारी तिच्याकडे पाठ करून बसलेली दिसली. केस वर बांधलेले. मनगटावर हॉस्पिटलच्या चिकटपट्टीचा काळा चिकटा.

तिला पळून जावंसं वाटलं. पण समोरची पाठ वाट बघत होती. आणि आपल्याला हेच हवं होतं की नाही, असं स्वतःलाच विचारत तिनं हातमोजा चढवला.

पाठ बर्फासारखी गार होती. ती तांब्यावर तांबे ओतत राहिली, खांदे घासले, मणके घासले, मनगटावरचा चिकटा अंगठ्यानं चोळून चोळून काढला. "यायचं होतं गं... विमानच नव्हतं," ती रडत म्हणाली. "पाणी... फार कढत नाही ना?"

म्हातारीनं मान हलवली. नाही.

हळूहळू ती पाठ तळहाताखाली ऊन होत गेली, लालसर झाली. तेवढ्यात कुणीतरी दार उघडलं, गार हवा आली, वाफ पांगली. समोरचं स्टूल रिकामं होतं.

कपडे चढवून, स्नानगृहाबाहेरच्या निजायच्या, तापलेल्या मातीच्या खोलीत ती जमिनीवर आडवी झाली आणि चार तास झोपली. कुणीतरी तिच्या अंगावर चादर घातली होती. नंदन न्यायला आला तेव्हा तिला उठवायचं त्याच्या जिवावर आलं.

रात्री जेवणं झाल्यावर तिनं नागपूरला फोन लावला. तिकडे सकाळ झाली होती. उमावहिनीनं उचलला.

"वहिनी, एक विचारू? त्या दिवशी आईची पाठ... तुम्हीच घासलीत ना?"

"कोणी सांगितलं तुम्हाला?" वहिनीचा आवाज एकदम खाली आला. "ताई, मी यांनासुद्धा बोलले नाही... घासायला काही नव्हतंच हो. मी पाणी घेऊन आत गेले, तर पाठ आधीच ओली होती. लाल झालेली. आणि ऊन. मनगटावरच्या पट्टीचा चिकटासुद्धा निघालेला. लोक म्हणाले असते, जीव तर नव्हता ना अजून... म्हणून मी वरून दोन तांबे ओतले आणि गप्प बसले."

"वहिनी..."

"आणि ताई, आम्ही त्यांना उताणं निजवलं होतं. चौघींनी मिळून, हात जुळवून. बादली घेऊन परत आले, तर त्या कुशीवर होत्या... दाराकडे पाठ करून."